काटापट्टी प्रकल्प : पायमोंगोवरच्या कामाच्या नोंदी, हंगाम २०२५-२६

२८ सप्टेंबर २०२५

तिवसा तालुक्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संकलन केंद्रावर यंदा काटापट्टी, म्हणजे मालाचं वजन आणि देय रक्कम लिहिलेली पावती, संगणकावर करायची, असं काल संचालकांच्या बैठकीत ठरलं. काम माझ्याकडे आलं. सोयाबीन दसरा उलटला की सुरू होईल, मागोमाग कापूस, आणि संक्रांतीच्या आगेमागे तूर.

आज जुनी पावतीपुस्तकं काढून बसलो. छापलेले रकाने सगळ्या पिकांना सारखे, पण हाताने लिहिलेलं वेगळंच. सोयाबीनच्या पट्टीवर ओलावा, काडीकचरा, डागी दाणा. कापसाच्या पट्टीवर ओलावा, धाग्याची लांबी आणि कोपऱ्यात ‘पहिली वेचणी’. तुरीवर लाल की पांढरी. खालच्या मोकळ्या जागेत प्रत्येक कट्ट्याचं (पोत्याचं) वजन एकाखाली एक, मग बेरीज, मग हमाली-तोलाई वजा.

हे पाहूनच मोंगोडीबी, म्हणजे ठरीव रकान्यांऐवजी प्रत्येक नोंद तिच्या आकाराने ठेवणारा डेटाबेस, घ्यायचं ठरवलं. तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये पट्टीचा एक तक्ता, वजनांचा दुसरा, प्रतवारीचा तिसरा करावा लागेल आणि छापताना तिन्ही जोडावे लागतील. ते करता येतं आणि चांगलं चालतंही. पण आमच्याकडे कुणीही काहीही विचारलं तरी अख्खी पट्टीच काढून पाहावी लागते. म्हणून एक पट्टी म्हणजे एक डॉक्युमेंट, सगळे रकाने आत घेतलेली एक सलग नोंद. भाषा पायथन, आणि तिच्यातून मोंगोडीबीशी बोलणारी लायब्ररी पायमोंगो. सर्व्हर केंद्राच्या ऑफिसातल्या संगणकावरच राहील, कारण इंटरनेट असो-नसो, काटा चालला पाहिजे. काट्याजवळचा एक लॅपटॉप आणि हिशोबाच्या टेबलावरचा दुसरा, दोन्ही राऊटरवरून त्या सर्व्हरला जोडायचे.

सगळ्या कामाला एकच कसोटी ठेवतो : शेतकऱ्याच्या हातात जाणारा कागद आणि डेटाबेसमधलं डॉक्युमेंट यांत पैशाचा, तारखेचा किंवा नावातल्या अक्षराचाही फरक पडता कामा नये. त्या कागदावर माणसाचं वर्ष अवलंबून असतं.

३० सप्टेंबर

डॉक्युमेंटचा आकार ठरवला. यावर घाई केली नाही, कारण पुढचं सगळं यावर उभं राहणार.

पट्टीच्या आत काय ठेवायचं? कट्ट्यांची वजनं आतच, यादी म्हणून. ती पट्टीबाहेर कधीच कुणाला लागत नाहीत. प्रतवारीही आतच, पिकाप्रमाणे वेगवेगळ्या क्षेत्रांची, म्हणजे रकान्यांची. मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा आहे. शंभर कट्ट्यांची पट्टी धरली तरी ती काही किलोबाइटांत मावते.

मग शेतकऱ्याच्या डॉक्युमेंटमध्येच त्याच्या सगळ्या पट्ट्या का ठेवू नयेत, असं हिशोबाच्या ताईंनी विचारलं. प्रश्न बरोबर होता. पण ती यादी दरवर्षी वाढतच जाईल आणि तिला शेवट नाही. शिवाय रोजचे प्रश्न पट्टीचे असतात : आज किती आलं, कुणाचे पैसे राहिले. म्हणून शेतकरी वेगळ्या कलेक्शनमध्ये (डॉक्युमेंटांच्या गठ्ठ्यात), पट्ट्या वेगळ्या, आणि पट्टीत शेतकऱ्याचा आयडी.

त्याच्या जोडीला शेतकऱ्याचं नाव आणि गाव पट्टीत मुद्दाम पुन्हा लिहायचं. पुनरावृत्ती टाळावी हे शिकलेल्या माणसाला हे खटकतं. पण पट्टी हा त्या दिवसाचा पुरावा आहे. उद्या वडिलांच्या जागी मुलाचं नाव लागलं, तरी गेल्या वर्षीच्या पट्टीवर जे नाव होतं तेच दिसायला हवं. बँक खात्याचा क्रमांक मात्र फक्त शेतकऱ्याच्या डॉक्युमेंटमध्ये, पट्टीत नाही. पट्टी दहा हातांतून जाते.

३ ऑक्टोबर

काल दसरा. आज जोडणी.

पायमोंगोचा मोंगोक्लायंट, म्हणजे सर्व्हरशी जोडणी सांभाळणारा भाग, बनवताना सर्व्हर बंद असला तरी चूक दाखवत नाही. जोडणी मागे, सावकाश होते आणि पहिली खरी विनंती जाते तेव्हाच कळतं. तेही लगेच नाही. सर्व्हर शोधण्याची मुदत मुळात ३० सेकंद आहे. कट्टा काट्यावर, हमाल थांबलेला, मागे ट्रॅक्टरची रांग, अशा वेळी ३० सेकंद कोरा पडदा चालणार नाही. मुदत ३ सेकंदांवर आणली आणि प्रोग्रॅम उघडताच एक पिंग पाठवायचा. तो परत आला नाही तर सरळ मराठीत लिहून येतं : ‘ऑफिसातला संगणक बंद आहे किंवा राऊटर बंद आहे.’

क्लायंट प्रत्येक विनंतीला नवा बनवायचा नाही, प्रोग्रॅमभर एकच ठेवायचा. जोडण्यांचा साठा तो स्वतः सांभाळतो आणि अनेक थ्रेडमधून वापरला तरी चालतो.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाने लक्षात ठेवावी. कलेक्शन आधी बनवावं लागत नाही. नाव घेतलं, पहिलं डॉक्युमेंट टाकलं की ते तयार होतं. म्हणजे ‘पट्ट्या’ऐवजी कुठे ‘पट्या’ टंकलं गेलं तर दुसरं कलेक्शन निमूट उभं राहील आणि त्यात गेलेल्या पट्ट्या पहिल्यात दिसणार नाहीत. म्हणून कलेक्शनची नावं एकाच फाइलमध्ये लिहिली. बाकी कोडमध्ये ती हाताने टंकायची नाहीत.

५ ऑक्टोबर

वजन आणि पैसा.

पायथनमध्ये ४.३५ ला १०० ने गुणलं की उत्तर ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं. संगणक असे अपूर्णांक ० आणि १ च्या द्विमान पद्धतीत ठेवतो (या प्रकाराला फ्लोट म्हणतात) आणि तिच्यात ४.३५ ही संख्या नेमकी मांडताच येत नाही, म्हणून. आता ४.३५ क्विंटलचे किलो करताना कुणी अपूर्णांक कापून टाकला, तर ४३५ चे ४३४ किलो होतात. यंदाचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. त्या भावाने एक किलो म्हणजे ५३ रुपये २८ पैसे. संगणकाने कुणाचेही ५३ रुपये खाता कामा नयेत.

दोन वाटा होत्या. पहिली डेसिमल१२८. मोंगोडीबीत हा प्रकार ३.४ आवृत्तीपासून आहे आणि दशांश जसेच्या तसे ठेवतो. पण पायथनचा स्वतःचा डेसिमल पायमोंगो थेट घेत नाही. डॉक्युमेंटमध्ये तो दिसला की ‘इनव्हॅलिड डॉक्युमेंट’ म्हणून थांबतो. आधी बीसॉनच्या, म्हणजे मोंगोडीबीच्या साठवणीच्या स्वरूपाच्या, डेसिमल१२८ मध्ये गुंडाळायचा, वाचताना पुन्हा उलगडायचा, कारण त्या गुंडाळलेल्या रूपावर बेरीज-वजाबाकी करता येत नाही. लायब्ररीचं हे थांबणं मला आवडलं. गुपचूप फ्लोट करून टाकलं असतं तर हंगाम संपल्यावर कळलं असतं.

दुसरी वाट पूर्णांकांची. वजन ग्रॅममध्ये, पैसे पैशांमध्ये. तीच घेतली. काट्यावरून ‘५२.४०’ असा मजकूर येतो. त्याचा फ्लोट न करता थेट ५२,४०० ग्रॅम होतात. भाव ५,३२,८०० पैसे क्विंटल. दोन्हींचा गुणाकार करून १,००,००० ने भागलं की २,७९,१८७.२ पैसे. शेवटी एकदाच जवळच्या पैशाला आणायचं, म्हणजे २,७९१ रुपये ८७ पैसे. मधल्या पायरीवर कुठेही नाही, आणि प्रत्येक कट्ट्यागणिक तर नाहीच. एकूण ग्रॅम आधी, गुणाकार नंतर.

मोठ्या बेरजेची काळजीही मिटली. ३२ बिटांत २१४ कोटी पैसे, म्हणजे सव्वादोन कोटी रुपयांच्या आतच मावतात. पण त्याहून मोठा आकडा आला की पायमोंगो स्वतःच ६४ बिटांचा प्रकार वापरतो.

७ ऑक्टोबर

तारीख. इथे लक्ष दिलं नाही तर रोजमेळ जुळणार नाही.

पायथनची नुसती तारीख, म्हणजे डेट, पायमोंगो घेत नाही. डेटटाइमच, म्हणजे वेळेसह तारीख, लागतो. मोंगोडीबी वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, मिलिसेकंदांपर्यंत ठेवते. आणि डेटटाइमला टाइमझोन जोडलेला नसेल, तर लायब्ररी तो यूटीसीच आहे असं धरते.

याचा परिणाम मुद्दाम करून पाहिला. संध्याकाळी ७ ची पट्टी टाइमझोन न लावता टाकली. परत वाचली तर ७ च दिसले, म्हणजे वरवर सगळं ठीक. पण ‘दिवसवार एकूण’ काढताना सर्व्हरला भारतीय वेळ सांगितली, तशी तीच पट्टी रात्री साडेबारा वाजता, दुसऱ्या दिवसाच्या खात्यात जाऊन बसली. साडेपाच तास पुढे. संध्याकाळी साडेसहानंतरच्या सगळ्या पट्ट्यांचं हेच होईल, आणि हंगामात काटा रात्री नऊपर्यंत चालतो.

म्हणून नियम : वेळ घेताना ‘एशिया/कोलकाता’ जोडूनच घ्यायची. कलेक्शनच्या कोडेक (वाचण्या-लिहिण्याच्या) पर्यायांत टाइमझोनसह वाचायला सांगायचं. दिवसाप्रमाणे गट करताना तारीख छाटणाऱ्या ऑपरेटरलाही टाइमझोन द्यायचा. तो दिला नाही तर पहाटे साडेपाचच्या आधीची पट्टी आदल्या दिवशी मोजली जाईल. पहाटे कापसाच्या गाड्या येतात, तेव्हा हेही घडू शकतं.

याशिवाय पट्टीवर छापली जाते ती तारीख मजकूर म्हणूनही ठेवली. कागदावर जे आहे ते जसंच्या तसं हवं.

१० ऑक्टोबर

आजचा दिवस ‘ऱ’ मध्ये गेला आणि तो सार्थकी लागला.

शेतकऱ्यांची जुनी यादी एक्सेलमधून आणली. काही नावं फोनवर टंकलेली, काही ऑफिसात. सगळी टाकल्यावर गावनिहाय मोजणी केली, तर ‘कुऱ्हा’ हे गाव दोनदा आलं. दोन ओळी, दोन वेगळे आकडे, आणि डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी सारखे. मागेपुढे मोकळी जागा असेल म्हणून तपासली, नव्हती.

मग अक्षरांचे युनिकोड क्रमांक छापले. एका ‘कुऱ्हा’त ०९३१ क्रमांकाचा ऱ आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्यात साधा ०९३० चा र, हलन्त, आणि एक अदृश्य चिन्ह : झिरो विड्थ जॉइनर. ही जुनी पद्धत. फॉन्ट दोन्हींचा तोच अर्धा र काढतो. डेटाबेस बाइट पाहतो, त्याला ती दोन गावं आहेत. तिसराही प्रकार शक्य आहे : र, खाली नुक्ता, मग हलन्त.

आमच्याकडे हे क्वचित घडणारं नाही. वऱ्हाड, पऱ्हाटी, गोऱ्हा, कुऱ्हाड, शेतकऱ्याचा प्रत्येक ‘ऱ्या’. इंग्रजी नावांवर घडवलेल्या कुठल्याही धड्यात हे सापडणार नाही, आणि इथे मात्र पहिल्याच यादीत समोर आलं.

उपाय असा. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं एनएफसी सामान्यीकरण र आणि नुक्त्याचा एकच ऱ करून देतं. जॉइनरवाल्या रूपाला ते हात लावत नाही, ते आपणच बदलायचं : ‘र, हलन्त, जॉइनर’ दिसलं की ‘ऱ, हलन्त’. जॉइनर सरसकट पुसून टाकण्याचा मोह होतो, पण तसं करायचं नाही. जॉइनर काढला की अर्धा र रफार होतो, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. माणसाच्या आडनावाशी असं करायचा आपल्याला अधिकार नाही.

हे फंक्शन डेटाबेसमध्ये जाणाऱ्या प्रत्येक मजकुरावर चालतं, आणि शोधताना टंकलेल्या मजकुरावरही. एकाच बाजूला लावलं तर शोध लागणारच नाही. आधी टाकलेली नावं त्यातून काढून पुन्हा लिहिली. कुऱ्हा एक झालं.

जाता जाता : क्रम लावताना मोंगोडीबी मुळात बाइटांच्या क्रमाने जाते, त्यात ळ हा व च्या आधी येतो. मराठीसाठी वेगळं कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचे नियम, आहे. ते प्रत्येक शोधाला वेगळं न सांगता कलेक्शनलाच लावायचं, तर कलेक्शन बनवतानाच सांगावं लागतं, नंतर बदलता येत नाही. म्हणून गावांचं कलेक्शन पुसून त्यासह पुन्हा बनवलं.

११ ऑक्टोबर

क्षेत्रांची नावं देवनागरीत ठेवली. बीसॉनला काही अडचण नाही, सगळं यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीत. उद्या मी नसलो तरी हिशोबाच्या ताई कंपास (मोंगोडीबीतला डेटा पडद्यावर पाहायचा प्रोग्रॅम) उघडून ‘ओलावा’, ‘निव्वळ_ग्रॅम’, ‘देय_पैसे’ वाचू शकतील. फक्त क्षेत्राच्या नावात ऱ वापरायचा नाही, असं कालच्या अनुभवावरून ठरवलं. ‘शेतकऱ्याचे_नाव’ ही दोन क्षेत्रं झाली तर कुणाच्या बापालाही दिसणार नाहीत. ‘नाव’ पुरेसं आहे.

१४ ऑक्टोबर

‘डॉक्युमेंट डेटाबेसला स्कीमा नसतो’, म्हणजे नोंदीचा ठरलेला साचा नसतो, असं सर्रास सांगितलं जातं. ठेवला नाही तर नसतो. मोंगोडीबीला ३.६ पासून जेसन स्कीमाने तपासणी लावता येते, आणि पैशाच्या कामात ती लावलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. प्रोग्रॅममधली तपासणी पुरत नाही. उद्या कुणी दुसरं छोटं टूल लिहील, किंवा कंपासमधून हाताने बदल करील. सर्व्हरवरची तपासणी सगळ्यांना सारखी लागू होते.

लावलेले नियम : पट्टी क्रमांक, पीक, तारीख, गाव, नाव, वजनांची यादी, भाव आणि देय रक्कम असल्याच पाहिजेत. वजन आणि पैसे पूर्णांकच, फ्लोट आला की परत. वजनांची यादी रिकामी नको. पीक ठरलेल्या यादीतलंच. प्रतवारीचा भाग पिकाप्रमाणे बदलतो : सोयाबीनला ओलावा अनिवार्य, कापसाला ओलावा आणि धाग्याची लांबी दोन्ही. सरकारी खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा आहे. आमच्या तपासणीत ती अट घातलेली नाही, कारण यंदा माल ओला आहे आणि मीटरने जे दाखवलं ते लिहिलं गेलंच पाहिजे. तपासणीचं काम आकार पाहणं. मालाचा निवाडा काट्यावर माणसं करतील.

नियम मोडला की पायमोंगोकडून १२१ क्रमांकाचा ‘राइट एरर’ येतो. ५.० पासून सर्व्हर त्यासोबत कुठल्या क्षेत्रात काय चुकलं तेही पाठवतो. त्यावरून पडद्यावर मराठी ओळ दाखवली.

१६ ऑक्टोबर

लाईन गेली तर काय, हा प्रश्न मापारी काकांनी पहिल्याच दिवशी विचारला होता : ‘‘लाईन गेली त पट्टी राह्यली का गेली, हे कसं समजन? अन् दोनदा चढली त?’’ या विषयावर मी ऐकलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न आहे.

लॅपटॉपने पट्टी पाठवली, आणि उत्तर येण्याआधी राऊटर बंद पडला. पायमोंगो ‘ऑटोरिकनेक्ट’ची चूक देतो. पट्टी लिहिली गेली की नाही, हे त्या चुकीवरून कळत नाही. लिहिली गेलेली असू शकते, फक्त उत्तर पोचलं नाही. पुन्हा पाठवली तर दोन होतील, न पाठवली तर एकही नसेल. पायमोंगो लेखन आपोआप एकदा पुन्हा करून पाहतो, पण ती सोय रेप्लिका सेटवर, म्हणजे एकच डेटा ठेवणाऱ्या अनेक सर्व्हरच्या गटावर, चालते. आमच्यासारख्या एकट्या सर्व्हरवर ती लागू होत नाही.

यावर डॉक्युमेंटचा आयडीच कामी येतो. तो सर्व्हरने द्यावा लागत नाही, ऑब्जेक्टआयडी आपल्या बाजूला तयार होतो. १२ बाइट : पहिले ४ वेळेचे, मधले ५ यादृच्छिक, शेवटचे ३ मोजणीचे. त्यामुळे दोन लॅपटॉपवर स्वतंत्रपणे बनवले तरी एकमेकांवर आदळत नाहीत. कोरा फॉर्म उघडताक्षणी आयडी बनवायचा आणि ती पट्टी कितीदाही पाठवली तरी तोच ठेवायचा. पुन्हा पाठवल्यावर ‘डुप्लिकेट की’ची चूक आली, तर समजायचं पहिली पोचली होती. काकांच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं.

उरला सर्व्हरच बंद पडण्याचा प्रश्न. मोंगोडीबीचं साठवणीचं इंजिन वायर्डटायगर आपलं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, मुळात दर १०० मिलिसेकंदांनी डिस्कवर उतरवतं. तेवढ्या क्षणात वीज गेली तर ‘झालं’ म्हणून सांगितलेली पट्टी जाऊ शकते. पट्ट्यांच्या कलेक्शनला जर्नलसह लेखनाची खात्री लावली, म्हणजे जर्नल डिस्कवर गेल्याशिवाय उत्तरच यायचं नाही. थोडं हळू होतं, आम्हाला जाणवतही नाही. चाचणीचा डेटा भरून चालू सर्व्हरचा प्लग ओढला. पुन्हा सुरू केल्यावर ज्यांचं ‘झालं’ आलं होतं त्या सगळ्या पट्ट्या जागेवर होत्या. काका शेजारी उभे राहून मोजत होते.

पट्टी क्रमांक वेगळा. लोकांना १, २, ३ असा सलग हवा, लेखापरीक्षकालाही. त्यासाठी मोजणीचं एक छोटं डॉक्युमेंट, आणि ‘फाइंड वन अँड अपडेट’ने त्यात एक वाढवून नवा आकडा घ्यायचा. एका डॉक्युमेंटवरचा बदल अखंड असतो, दोन लॅपटॉपने एकाच क्षणी मागितलं तरी दोघांना वेगळे आकडे मिळतात. शिवाय पट्टी क्रमांकावर युनिक इंडेक्स, म्हणजे एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारी शोधसूची. क्रमांक घेऊन पट्टी अर्धवट राहिली तर त्या क्रमांकाची ‘रद्द’ पट्टी कारणासह टाकायची. मधला आकडा गायब दिसता कामा नये.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

काटा सुरू. दिवाळीच्या खर्चासाठी सगळे एकदमच आले. पहिल्या दिवशी पावतीपुस्तकही सोबत चालवलं आणि रात्री दोन्ही ताडून पाहिलं. जुळलं.

कुऱ्ह्याहून आलेल्या एका आजीने पट्टी हातात घेऊन वजनं एकेक वाचायला लावली. कागदावर प्रत्येक कट्टा वेगळा छापतो, म्हणून त्यांना ते करता आलं. ती यादी डॉक्युमेंटच्या आत ठेवल्याचं मला तेव्हा फार बरं वाटलं.

२६ ऑक्टोबर

दुरुस्त्या. पट्टी पुसायची नाही, हे आधीपासून ठरलेलं. भाव चुकून दुसऱ्याचा लागला, गाव चुकलं, असं होतं. बदल करताना जुनी किंमत, नवी किंमत, कुणी केला, केव्हा आणि का, हे पट्टीतल्याच ‘दुरुस्त्या’ यादीत ढकलायचं. क्षेत्र बदलणं आणि यादीत नोंद घालणं एकाच ‘अपडेट वन’मध्ये जातं, म्हणून एक झालं आणि दुसरं राहिलं असं होऊच शकत नाही. एक पट्टी एका डॉक्युमेंटमध्ये ठेवण्याचा हा मोठा फायदा. ट्रान्झॅक्शनची (अनेक डॉक्युमेंटांत एकत्र बदल करण्याची) गरज पडली नाही, नाहीतर त्यासाठी रेप्लिका सेट करावा लागला असता.

दोघांनी एकाच वेळी तीच पट्टी उघडली तर? पट्टीत ‘आवृत्ती’ क्षेत्र आहे. बदल करताना आयडीसोबत ‘मी पाहिली ती आवृत्ती’ हीसुद्धा अट घालायची आणि आवृत्ती एकने वाढवायची. निकालात जुळलेल्यांची संख्या शून्य आली, तर मधे कुणीतरी बदल केलाय, पट्टी पुन्हा उघडा. हा आकडा नेहमी पाहावा. काहीच न जुळल्यास पायमोंगो चूक देत नाही, कारण त्याच्या लेखी ते काम व्यवस्थित पार पडलेलं असतं.

काय बदलायचं ते सांगणारा ऑपरेटर न देता नुसतं डॉक्युमेंट ‘अपडेट वन’ला दिलं तर मात्र तो तिथेच नकार देतो. पूर्ण डॉक्युमेंट बदलायचं असेल तर ‘रिप्लेस वन’ असं स्पष्ट म्हणावं लागतं. हे चांगलंच आहे.

९ नोव्हेंबर

‘‘भाऊ, पैसे कवा जमा होतीन?’’ दिवसभर हाच प्रश्न. बरोबरच आहे, रब्बीची पेरणी तोंडावर आहे, हरभऱ्याचं बियाणं घ्यायचं आहे.

त्यासाठी अॅग्रीगेशन : आधी ‘देयक बाकी’ असलेल्या पट्ट्या गाळायच्या, शेतकऱ्याच्या आयडीप्रमाणे गट, देय पैशांची बेरीज, सर्वात जुनी तारीख, आणि त्या तारखेच्या क्रमाने यादी. जो आधी आला त्याचं नाव वर. गाळण्याची पायरी पहिली ठेवली की इंडेक्स वापरला जातो. मधे ठेवली तर सगळ्या पट्ट्या चाळल्या जातात. एक्सप्लेन, म्हणजे सर्व्हरने शोध कसा घेतला त्याचा तपशील, काढून पाहिला. ‘कॉलस्कॅन’च्या (सगळं चाळण्याच्या) जागी ‘आयएक्सस्कॅन’ (इंडेक्समधून शोध) आलं. फक्त बाकी असलेल्या पट्ट्यांपुरता अर्धवट इंडेक्स केला. पैसे जमा झाले की पट्टी त्यातून आपोआप बाहेर पडते.

यादी रोज सकाळी छापून ऑफिसबाहेर लावायची असं मी सुचवलं. अध्यक्ष भाऊ म्हणाले, रकमा नको, पट्टी क्रमांक आणि तारीख लावा, कुणाचे किती हे चारचौघांत कशाला. तसं केलं.

२९ नोव्हेंबर

बॅकअप. रोज रात्री मोंगोडंपने सगळ्या डेटाची प्रत, दोन पेनड्राइव्ह आलटून पालटून, एक अध्यक्षांच्या घरी. आज एक डंप दुसऱ्या लॅपटॉपवर उतरवला, पट्ट्यांची संख्या आणि देय रकमेची बेरीज ताडली. दर महिन्याला एकदा असं उतरवून पाहायचं, कॅलेंडरवर लिहून ठेवलं.

९ जानेवारी २०२६

तूर सुरू. प्रतवारीत ‘रंग’ आणि ‘डाळीचा उतारा’ ही क्षेत्रं हवी होती. सर्व्हरवरच्या तपासणीत तुरीचा भाग जोडला आणि ‘कॉलमॉड’ या कलेक्शनचे नियम बदलणाऱ्या आदेशाने लावला. सोयाबीन-कापसाच्या जुन्या पट्ट्यांना हात लावावा लागला नाही, त्या होत्या तशाच वाचता येतात. प्रत्येक पट्टीत ‘रचना’ नावाचा छोटा आकडा पहिल्यापासून आहे, आता नव्या पट्ट्यांत तो २. छापणारा भाग तो पाहूनच कुठले रकाने काढायचे ते ठरवतो.

काकांनी आज वेगळीच मागणी केली : ‘‘बारदाना कोनाचा होता ते बी लेहून ठेव. कंपनीचा का त्याचा.’’ कंपनीच्या बारदान्याचे पैसे कापले जातात, त्याच्या स्वतःच्या पोत्यांचे नाही, आणि आजवर हे तोंडी चालत होतं. खरं आहे, तेही पट्टीवरच हवं. वजनांच्या यादीत प्रत्येक कट्ट्यासोबत ‘बारदाना’ हे क्षेत्र घालतोय, कारण एकाच गाडीत दोन्ही प्रकारची पोती येतात. जुन्या पट्ट्यांत ते नाही आणि तिथे अंदाजाने भरायचंही नाही. क्षेत्र नसेल तर छापताना रकाना कोरा राहील. उद्या सकाळी काटा सुरू होण्याआधी तपासणी बदलायची आणि रचनेचा आकडा ३ करायचा.